पहिला सर्फबोर्ड बनवताना फोम आणि रेझिन कसं निवडायचं

बोर्ड जवळजवळ झाला होता. थर्माकोलचा गाभा, त्यावर काचेचं कापड आणि ते भिजवून घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन, घासून गुळगुळीत केलेला. शेपटीजवळ लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, अडकवायचा छोटा प्लग तेवढा बसवायचा राहिला होता. इपॉक्सी संपलं होतं, पण दुसऱ्या एका बोर्डच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा अर्धा डबा कपाटात होता. एवढासा तर खड्डा, त्याला काय होतंय, असं म्हणत मी थोडं रेझिन कालवलं आणि ओतलं. खड्डा काठोकाठ भरला. मिनिटभराने बघतो तर पातळी खाली. वाटलं, कुठेतरी फट असेल. आणखी ओतलं, तेही खाली गेलं. तिसऱ्यांदा ओतल्यावर आजूबाजूला बोटाने टकटक केली, तर आवाज पोकळ. रेझिन गळत नव्हतं, आतला फोम खात होतं. शेवटी कापून पाहिलं तेव्हा मूठ जाईल एवढी पोकळी निघाली.

म्हणून नवख्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो की फोम आणि रेझिन या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत. ती जोडी आहे, आणि ती जोडीनेच ठरवायची. दुसरं म्हणजे, नावाजलेले सर्फर काय वापरतात हे बघून ती ठरवू नका. तुम्ही कुठे काम करणार आहात, ते बघून ठरवा.

पहिली पायरी : कोणाचं कोणाशी जमतं

बाजारात तीन प्रकारचा फोम समोर येतो. पहिला पॉलियुरेथेन, ज्याला कारागीर पीयू म्हणतात. पांढरट, खडूसारखा, बारीक छिद्रांचा. दुसरा ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल. साबुदाण्यासारखे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले. तिसरा एक्सपीएस, म्हणजे इमारतींच्या उष्णतारोधनासाठी वापरतात त्या रंगीत, गुळगुळीत पाट्या. रेझिन दोनच आहेत, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी.

पीयूवर दोन्ही रेझिन चालतात. ईपीएस आणि एक्सपीएसवर फक्त इपॉक्सी. याला अपवाद नाही. पॉलिएस्टर रेझिन पातळ ठेवण्यासाठी त्यात स्टायरीन नावाचा द्रव असतो, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. आपल्याच कुळातला द्रव भेटला की थर्माकोल लगेच विरघळतो. हाच न्याय अ‍ॅसिटोन, थिनर, बऱ्याचशा स्प्रे-रंगांना आणि काही गोंदांना लागू पडतो. थर्माकोलच्या उघड्या गाभ्यावर रंगकाम करायचं असेल तर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या. उन्हात वाळणारी जी तयार दुरुस्ती-लांबी ट्यूबमध्ये मिळते ती पुष्कळदा पॉलिएस्टरचीच असते, म्हणून बोर्डला खोक पडली आणि आतला थर्माकोल उघडा झाला तर ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय हात लावू नका.

या जोडीला थोडा इतिहास आहे. 1940 च्या दशकात कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स यांनी पॉलिस्टायरीनचा गाभा वापरून बोर्ड केले, पण वरून पॉलिएस्टर लावायचं तर फोम वाचवायला हवा, म्हणून त्यावर प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं आवरण चढवलं. 1958 च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम सर्फबोर्डच्या कामात रुळवला. त्याला पॉलिएस्टर चालत असल्यामुळे पुढची जवळपास पन्नास वर्षं पीयू-पॉलिएस्टर हीच जोडी सरसकट चालली. मग 5 डिसेंबर 2005 रोजी क्लार्क यांनी आपला क्लार्क फोम हा कारखाना एका दिवसात बंद केला. अमेरिकेतले बहुतेक कारागीर त्याच्याच फोमवर अवलंबून होते. अचानक हात रिकामे झाल्यावर अनेकजण ईपीएस-इपॉक्सीकडे वळले. आज दोन्ही जोड्या सुखाने नांदतात.

दुसरी पायरी : आधी जागा बघा

तुमची कामाची जागा घराला लागून आहे का? दार लावलं तरी वास आत येतो का? शेजारची खिडकी किती जवळ आहे? पॉलिएस्टर रेझिन उघडलं की स्टायरीनचा उग्र वास सुटतो आणि तो नुसता वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं. शिवाय ती वाफ पेटही घेते. घराला जोडलेल्या खोलीत, किंवा जिथे लहान मुलं वावरतात तिथे पॉलिएस्टरचा विचारच सोडून द्या. चारही बाजूंनी वारा खेळणारी वेगळी शेड असेल तरच ते घ्या, आणि तेव्हासुद्धा सेंद्रिय वाफा अडवणारी डबी लावलेला मास्क हवा. धुळीचा साधा मास्क स्टायरीनला अडवत नाही, नाकावर कापड बांधल्यासारखंच ते.

इपॉक्सीला वास कमी, आणि इथेच लोक फसतात. वास नाही म्हणजे धोका नाही असं धरून उघड्या हाताने काम करतात. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये मिसळायचा त्याला घट्ट करणारा द्रव, कातडीला वारंवार लागत राहिला तर अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. मग पुढच्या वेळी नुसता डबा उघडला तरी हात लाल होऊन खाजतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, ते बरबटले की बदला. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. अ‍ॅसिटोनने हात पुसायची सवय मुळीच लावून घेऊ नका, त्याने रेझिन पातळ होऊन कातडीत आणखी मुरतं.

जागेबरोबर तुमचा स्वभावही बघा. पॉलिएस्टर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, म्हणजे हात सराईत हवा. मंद हार्डनरचं इपॉक्सी बोर्डवर पसरल्यावर अर्धा तास तरी सवड देतं. पहिल्यांदा काचेचं कापड बसवताना ते कुठे दुमडतं, कुठे कडेवरून उचलतं, कुठे बुडबुडा राहतो. हे सगळं निस्तरायला ती सवड लागते.

या सगळ्याचा विचार करून माझं मत असं आहे, आणि काही जुने कारागीर यावर नाक मुरडतील, की पहिल्या बोर्डसाठी पीयूचा ब्लँक, म्हणजे बोर्ड कोरायचा फोमचा ठोकळा, घ्या आणि त्यावर इपॉक्सी चढवा. पीयू घासायला सोपा, इपॉक्सी लावायला निवांत. बोर्ड ईपीएसपेक्षा थोडा जड होईल, होऊ द्या. पहिला बोर्ड तसाही कुठेतरी वाकडा होणारच आहे, तो निदान हातात तरी नीट यावा.

तिसरी पायरी : फोम हातात घेऊन निवडा

पीयूचा ब्लँक साच्यातून निघतो तेव्हाच त्याला बोर्डचा ढोबळ आकार असतो. नाकाकडचा आणि शेपटीकडचा बाक, म्हणजे रॉकर, तयार मिळतो. मधून लांबीत चिरून त्यात लाकडाची पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. नवख्याला हा तयार बाक म्हणजे मोठा आधार, कारण रॉकर डोळ्याने साधणं हे सगळ्यात अवघड काम.

पीयूची एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. साच्यात फुगताना बाहेरच्या बाजूचा फोम घट्ट होतो आणि आत मध्याकडे जाल तसा मऊ. म्हणून हव्या त्या मापाच्या जवळचाच ब्लँक घ्यावा. मोठा घेऊन खोल तासत बसलात तर घट्ट भाग सगळा कचऱ्यात जातो आणि बोर्डवर मऊ भाग उरतो, जो पुढे टाचेखाली दबतो. डेकच्या बाजूने, म्हणजे जिथे उभं राहायचं तिथून, शक्य तितकं कमी काढा. जाडी कमी करायची ती तळाकडून.

स्ट्रिंगरपाशी एक छोटी गंमत होते. लाकूड कडक, दोन्ही बाजूंचा फोम मऊ. पॉलिश पेपर सरळ फिरवला की फोम झिजतो आणि लाकूड कण्यासारखं वर राहतं. म्हणून दर वेळी आधी छोट्या रंध्याने स्ट्रिंगरची धार उतरवायची, मगच पेपर.

आता थर्माकोल. ईपीएस घेताना पहिला प्रश्न घनतेचा. सर्फच्या जगात ती घनफुटामागे पाउंडात सांगतात. 1 पाउंड म्हणजे घनमीटरला सुमारे 16 किलो, 1.5 पाउंड म्हणजे 24 आणि 2 पाउंड म्हणजे 32 किलो. वस्तूंच्या पॅकिंगसाठी येतो तो बहुतेक हलका असतो. त्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तसाच राहतो. पहिल्या बोर्डसाठी 2 पाउंडाच्या आसपासचाच घ्या.

विकणारा काय सांगतो यावर विसंबू नका, घनता घरी मोजता येते. एका कोपऱ्यातून 10 सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा नीट चौकोनी तुकडा कापा. हा बरोबर एक लीटर झाला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरेल तितके किलो घनमीटरला. 32 च्या जागी काटा 18 दाखवू लागला तर काय समजायचं ते समजा.

दुसरी परीक्षा मोडण्याची. तोच तुकडा दोन्ही हातांनी मोडा आणि मोडलेली बाजू उजेडात धरा. मणी मधोमध चिरलेले दिसले तर ते एकमेकांना नीट जुळलेले आहेत. अख्खे, गोलगोल मणी सुटून आले, बोटाने चोळल्यावर ओघळले, तर तो ठोकळा सोडून द्या. असा फोम बोर्डला खोक पडल्यावर मण्यांच्या फटींमधून पाणी ओढत राहतो आणि दुरुस्तीआधी तो वाळवण्यात दिवसच्या दिवस जातात.

ठोकळ्याला आकार नसतो. बाजूला रॉकरचे फर्मे ठोकून तापलेल्या तारेने तो कापावा लागतो. ही गरम तार फक्त थर्माकोलवर आणि तीही उघड्या हवेत. पीयूला तार कधीच लावू नका, जळताना त्यातून विषारी वायू निघतात. त्याला करवत, रंधा आणि पेपरच. थर्माकोल घासताना मणी उखडतात, म्हणून पेपर नवा, हात हलका, आणि अंगभर चिकटणाऱ्या पांढऱ्या मण्यांची मनाची तयारी. ते आठवडाभर घरात सापडत राहतात.

घासून झाल्यावर ईपीएसला एक जास्तीचं काम असतं. मण्यांमधल्या फटी हलक्या वजनाच्या भिंतीच्या लांबीने भरायच्या. लांबी पाण्याने थोडी सैल करा, रबरी पट्टीने पातळ ओढा, वाळू द्या आणि बारीक पेपरने वरची सगळी उतरवा, म्हणजे ती फक्त फटीत उरेल. हे टाळलंत तर प्रत्येक फट रेझिन पीत बसेल.

एक्सपीएसबद्दल थोडक्यात. तो पाणी पीत नाही म्हणून मोहात पाडतो. पण त्याच्या बंद पेशींवर रेझिनची पकड कमी बसते, आणि बोर्ड उन्हात तापला की आतून सुटणारा वायू वरचं आवरण फुग्यासारखं उचलतो. अनुभवी लोक त्यावर उपाय करतात. पहिल्या बोर्डसाठी नको.

चौथी पायरी : वजनाचं गणित मांडा

हलका फोम म्हणजे हलका बोर्ड, या समजुतीपायी पुष्कळजण 1 पाउंडाचा थर्माकोल आणतात. एकदा कागदावर मांडून बघा.

7 फूट लांब आणि 21 इंच रुंद, नवख्याला सोसेल असा बोर्ड धरा. त्याचं आकारमान साधारण 45 लीटर. 32 किलो घनतेचा ईपीएस घेतला तर गाभ्याचं वजन 1.44 किलो. 16 चा घेतला तर 720 ग्रॅम. पीयू 40 किलोच्या आसपासचा धरला तर 1.8 किलो. म्हणजे सगळ्यात मऊ थर्माकोल घेऊन 2 पाउंडवाल्यापेक्षा तुम्ही वाचवलं 720 ग्रॅम.

आता वरचं आवरण. डेकवर 6 आणि 4 औंस वजनाच्या काचेच्या कापडाचे दोन थर, तळाला 6 औंसाचा एक, कडांवरून वळवलेलं कापड धरून काचेचं वजन साधारण 700 ग्रॅम भरतं. हाताने लावताना चांगला कारागीर कापडाच्या वजनाइतकंच रेझिन ठेवतो, म्हणजे 700 ग्रॅम. नवखा माणूस घाबरून ओततच जातो आणि 1300 ग्रॅमवर पोचतो. फोममध्ये कमावलेलं जवळपास सगळं इथे गमावलं, वर डेक मऊ राहिली ती वेगळीच.

जास्तीचं रेझिन बोर्डला ताकद देत नाही. ताकद काचेच्या धाग्यांत असते, रेझिन त्यांना धरून ठेवतं. कापड पूर्ण भिजून पारदर्शक झालं, विणीचा पोत बोटाला अजून लागतोय, आणि कुठेही तळं साचून चकाकत नाही, असं दिसलं की थांबायचं. उरलेलं स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढून काढायचं. पैसे आणि डोकं खर्च करायचं असेल तर ते फोमच्या पाउंडावर नको, या स्क्वीजीच्या हातावर करा.

पाचवी पायरी : रेझिनचा डबा वाचायला शिका

पॉलिएस्टर घ्यायचं ठरवलंत तर एकाच नावाखाली दोन वेगळे डबे असतात, हे आधी लक्षात घ्या. कापड भिजवायचं ते लॅमिनेटिंग रेझिन. त्यात मेण नसतं, म्हणून घट्ट झाल्यावरही वरचा पापुद्रा चिकट राहतो. नवख्याला वाटतं, प्रमाण चुकलं, वाळलंच नाही. तो चिकटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, पुढचा थर त्याला धरतो. दुसरा डबा सँडिंग रेझिनचा, ज्याचा वरचा थर म्हणजे हॉट कोट. त्यात थोडं मेण विरघळवलेलं असतं. घट्ट होताना मेण वर येऊन हवा अडवतं आणि पृष्ठभाग कोरडा, घासण्याजोगा होतो. डबे उलटसुलट झाले तर फजिती ठरलेली. मेणाच्या थरावर न घासता कापड चढवलंत तर ते पुढे पापुद्र्यासारखं सुटतं, आणि लॅमिनेटिंगचा थर घासायला गेलात तर पेपर मिनिटभरात बरबटतो.

पॉलिएस्टरला घट्ट करणारा द्रव एमईकेपी. प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे 400 ग्रॅम रेझिनला 4 ते 8 ग्रॅम. उकाड्यात कमी, गारठ्यात जास्त. मोजायला सुईशिवायची सिरिंज सोयीची. हा द्रव डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाटली उघडण्याआधी चष्मा चढवा. उडालाच तर क्षणाचाही विचार न करता वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच डॉक्टरकडे जा. काही रेझिनला घट्ट होण्याचा वेग वाढवणारा कोबाल्टचा जांभळट अ‍ॅक्सिलरेटर वेगळा घालावा लागतो. तो आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग एमईकेपी. जमलं तर अ‍ॅक्सिलरेटर आधीच घातलेलं रेझिन घ्या आणि ही कटकटच मिटवा.

उन्हाने घट्ट होणारं यूव्ही पॉलिएस्टरही मिळतं. सावलीत हवा तितका वेळ काम करा, बोर्ड उन्हात न्या, काही मिनिटांत कडक. ऐकायला स्वप्नवत आहे, पण गडद अपारदर्शक रंग घातला तर ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि खालचा थर कच्चा राहतो. रंगीत बोर्डसाठी ते टाळा.

इपॉक्सीचं तंत्र वेगळं. एमईकेपी ही ठिणगी आहे, थोडी कमी-जास्त झाली तरी आग लागते. इपॉक्सीचा हार्डनर म्हणजे बटणं आणि रेझिन म्हणजे काजं. जितकी काजं तितकीच बटणं हवीत. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातलात तर उरलेली बटणं नुसती लोंबत राहतात, आणि बोर्ड महिनाभराने सुद्धा रबरासारखा चिवट लागतो. वेग बदलायचा तर हार्डनरच वेगळा घ्या. मंद, मध्यम, जलद असे मिळतात. पहिल्या वेळी मंद.

प्रमाणाबद्दल एक जागा हमखास चुकवते. डब्यावर 2 ला 1 लिहिलेलं असतं ते पुष्कळदा आकारमानाचं असतं, वजनाचं नव्हे. हार्डनर रेझिनपेक्षा हलका, त्यामुळे तेच प्रमाण वजनात 100 ला साधारण 44-45 होतं. वजनकाट्यावर सरळ 100 ला 50 घातलेत की बिघडलंच. तुमच्या डब्यावर दोन्ही आकडे असतील, वजनाचा शोधून कपाटाच्या दारावर खडूने मोठा लिहून ठेवा. ढवळताना दोन मिनिटं तरी सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन शेवटी बोर्डवर सांडतं आणि तेवढाच पट्टा कायम ओला राहतो.

कालवलेलं इपॉक्सी भांड्यात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापतो, तापला की आणखी जोरात घट्ट होतो, शेवटी भांडं वितळून धूर निघतो. कालवलं की लगेच बोर्डवर पसरवा किंवा पसरट ट्रेमध्ये ओता. उरलेलं भांडं बाहेर फरशीवर, कचऱ्यापासून लांब.

वर सांगितलेल्या बोर्डला हिशेबाने 700 ते 1300 ग्रॅम कापडाला, दोन्ही बाजूंच्या हॉट कोटला मिळून 600 च्या आसपास, मग फिन, म्हणजे तळाचे पंख, बसवायच्या खाचा, लीश-प्लग, नमुने आणि सांडलवंड. एकूण 3 किलो आणलंत तर मधेच अडत नाही. अडलं की काय होतं ते वर सांगितलंच.

सहावी पायरी : कापड

इथे फार घोळ घालू नका. 4 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 135 ग्रॅम, 6 औंस म्हणजे 200. विणलेलं, सर्फबोर्डसाठीचं, ज्याच्या धाग्यांवर पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्हींना चालणारा मुलामा आहे असंच घ्या. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ती केसांच्या चटईसारखी मॅट बोर्डवर नको. ती ढीगभर रेझिन पिते, आणि तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ बहुधा स्टायरीनमध्ये विरघळायला बनवलेला असतो, इपॉक्सीत ती नीट सुटतच नाही. कापड घडी घालून नव्हे, नळीवर गुंडाळूनच ठेवा. घडीची रेघ रेझिनखालीही दिसते.

सातवी पायरी : दिवसाची वेळ निवडा

थर्माकोलच्या मण्यांमध्ये हवा असते. खोली तापत असताना इपॉक्सी लावलंत तर ती हवा फुगून ओल्या कापडातून वर येते आणि हजारो बारीक बुडबुडे अडकतात. म्हणून बोर्ड आधी उबदार जागी ठेवा आणि तापमान उतरू लागलं की लावायला घ्या. संध्याकाळ उत्तम. थंड होणारा फोम उलट रेझिन आत ओढतो. पीयूलाही ही सवय लावलेली वाईट नाही. वाळेपर्यंत बोर्ड उन्हात काढायचा नाही.

दमट, गार हवेत इपॉक्सीवर तेलकट, मेणासारखा पापुद्रा धरतो. तो पुढच्या थराला चिकटू देत नाही. आधी पाण्याने आणि खरबरीत घासणीने धुवा, वाळवा, मगच पेपर मारा. थेट पेपर मारलात तर तो पापुद्रा खोल घासला जातो. पहिला थर जरासा चिकट असतानाच हॉट कोट ओतलात तर हे सगळं वाचतं. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, ती वेळ साधायची. गारठ्यात इपॉक्सीचा डबा साखर धरल्यासारखा गढूळ झाला तर फेकू नका. कोमट पाण्यात डबा ठेवा, पुन्हा काचेसारखं स्वच्छ होतं.

आठवी पायरी : बोर्डला हात लावण्याआधी एक तुकडा

फोमचा जो कचरा उरला आहे त्यातून वहीएवढा तुकडा काढा. त्याला बोर्डसारखीच एक कड गोल करा, कारण खरी अडचण सपाट भागात नसते, कापड कडेवरून खाली वळवताना असते. ईपीएस असेल तर लांबी लावा. मग बोर्डवर वापरणार तेच कापड, तेच रेझिन, तेच प्रमाण, त्याच वेळी, त्याच खोलीत. रंग घालणार असाल तर तोही यातच. घड्याळ लावा आणि रेझिन कितव्या मिनिटाला ओढायला जड लागतं, कितव्या मिनिटाला ते दोऱ्यासारखं ताणू लागतं, ते बघा.

दोन दिवसांनी अंगठ्याने जोरात दाबा. खळगा पडून राहिला तर फोम हलका आहे किंवा कापड कमी आहे. कोपऱ्यातून कापडाची कड पक्कडीने धरून सोलून बघा. फोमचे कण घेऊन आली तर पकड चांगली. स्वच्छ, कोरडी सुटली तर कुठेतरी मेण, धूळ किंवा तो पापुद्रा राहिला आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी तुकड्याच्या मागच्या बाजूला मार्करने तारीख, खोलीचं तापमान, रेझिन आणि हार्डनरचं वजन, घट्ट व्हायला लागलेली मिनिटं लिहा आणि तो भिंतीला टांगून ठेवा. माझ्या भिंतीवर असे अकरा आहेत. बाराव्या खिळ्याला तो कापून काढलेला लीश-प्लग लोंबतोय.